हातचा

डंडीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच दिवस आवरतो.
टे नदीवरचा पूल आधी दिव्यांचा होतो, मग नुसता अंदाज.
माझ्या पडद्यावर तेव्हा एक माणूस उभा असतो,
बिनचेहऱ्याचा, रेघांचा, हात अंगापासून जरा दूर,
शिंपी माप घेताना उभं राहावं तसा.

कपाळावर क्लिक केलं की
उजवीकडे नारिंगी पट्टी वाढते : क्युटिबॅक्टेरियम,
तेलकट जागेचे जुने भाडेकरू.
कोपराच्या खळगीत वस्ती विरळ, मतभेद फार.
आणि काखेत
(कळसा म्हणतात तो हाच असावा)
कॉरिनेबॅक्टेरियमचं अख्खं गाव,
ज्याला आम्ही तीन सर्व्हरवरून वळसा घालून पोचतो.

इश्बेल तळमजल्यावर कापसाच्या काड्या घेऊन बसते.
साठ माणसं, अकरा जागा, वीस आठवडे.
नावं तिला माहीत, मला आकडे.
"हा हिरवा बदल," ती म्हणते, "बुरशीसारखा दिसतो."
"बुरशीच आहे ती."
"तरी बदल. लोक स्वतःचं अंग बघायला येणार आहेत."
मॅलॅसेझियाला वांगी रंग दिला.

चाचणीचा पहिला नमुना माझाच होता.
तळहातावर निघाले कुणाकुणाचे,
बसच्या दांड्याचे, लिफ्टच्या बटणाचे,
वरच्या मजल्यावरच्या ग्रेहाउंडचे, ज्याला मी रोज कुरवाळते
आणि ज्याच्या मालकाचं नाव मला ठाऊक नाही.
आमच्या आत्याला महिन्यातले चार दिवस कुणी शिवायचं नाही.
तिला हा पडदा दाखवायला हवा होता.
दाराच्या कडीवर सगळे आधीच भेटलेले असायचे.

एकतीस आणि बत्तीस एका घरातले.
कुणी सांगायला नको, तळपाय सांगतात :
एकाच ताग्यातून फाडलेले दोन तुकडे.
आठवड्यांचा सरकदांडा उजवीकडे नेत गेले,
आठ,
नऊ,
आणि दहाव्याला बत्तीसची रेघ
धाडकन शून्यावर.

चूक माझी. रिकाम्या घरात मी शून्य भरलं होतं.
शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही.
इथे शोधायलाच कुणी आलं नव्हतं.
चार ओळी बदलल्या. आता रेघ नवव्याला थांबते
आणि पुढे पांढरं राहतं.
वरिष्ठ म्हणाले, ठिपक्यांनी पुढे ओढून टाक, डोळ्याला बरं दिसतं.
मी हो म्हटलं आणि ओढलं नाही.

इश्बेलला मी काही विचारलं नव्हतं.
तिनेच टोपी काढता काढता म्हटलं,
"तो एकटा येतो आता. वेळ तीच.
शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवतो."
याहून जास्त तिला सांगता येत नव्हतं.

एक टक्क्याखालचे सगळे 'इतर' मध्ये ढकलायचे
हा आमचा संकेत. नाहीतर पट्टीची रांगोळी विस्कटते.
त्या रात्री, इमारतीत हीटर तेवढे खोकत असताना,
मी एकतीसच्या तळहातावरचं 'इतर' उघडलं.
साठ जणांत फक्त बत्तीसकडे असलेली एक जात,
पिवळी, बारीक फीत.
दहाव्याला आहे.
अकराव्याला आहे.
बाराव्याला नाही, तेराव्याला परत.
चौदाव्याला केसाएवढी, माउस नेमका टेकला तरच
०.३ अशी उमटते.
पंधरावा अजून आलेला नाही.

तिसरीत बेरीज मांडून बाई विचारायच्या,
हातचे किती?
आणि आम्ही एक बोट मिटून धरायचो,
पुढच्या घरापर्यंत सांडू नये म्हणून.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मी एक चौकोन ठेवला,
टिचकी मारली तर भरणारा :
बारीकसारीकही दाखवा.
बदलाच्या नोंदीत लिहिलं, किरकोळ दुरुस्ती,
आणि शेवटची बस चुकवली.